बर्फातला कुत्रा आणि चिचगडचे ऊन

मे महिन्यातली दुपार होती. चिचगडच्या आमच्या घरी कवेलूच्या छपराखाली कूलर फिरत होता आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. तेवढ्यात नागपूरला कंपनीत कामाला असलेल्या आमच्या मुलाने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. निळ्या डोळ्यांचे, काळ्या-पांढऱ्या दाट केसांचे एक कुत्रे बर्फात मनमुराद लोळत होते. सोबत मुलाचा निरोप होता, "बाबा, अशी पिल्लं इथं मिळतात. लहान्याच्या वाढदिवसाला घेऊन येऊ का?"

लहाना म्हणजे आमचा नातू, इयत्ता चौथीत शिकणारा. त्याने ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत वीसदा पाहिली. "आजोबा, आपल्याले हाच कुत्रा पायजे," असा त्याने धोशाच लावला. त्याची आजी तांदूळ निवडता निवडता एवढेच म्हणाली, "एवढ्या केसाचं जनावर. याले आपलं ऊन सोसंल का, ते आधी विचारा."

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्हणून आम्ही चौकशी केली. गुरांच्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले, ज्यांनी अशी कुत्री पाळली त्यांच्याशी बोललो. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत, कारण हा प्रश्न आज एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही. आपली मुले शिकली, शहरात कामाला लागली, चार पैसे हाती आले. घरच्या लेकरांची हौस पुरवावी असे त्यांना वाटते, यात वावगे काही नाही. आमच्या बालपणी हौस हा शब्दच घरात नव्हता. तेव्हा हौसेला आम्ही नावे ठेवत नाही. फक्त ही हौस ज्याच्या जिवावर होणार, त्या मुक्या जिवाची बाजू आधी ऐकून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा कुत्रा कोण, कुठला?

चित्रफितीतल्या कुत्र्याला सायबेरियन हस्की म्हणतात. रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात. त्यांच्या मुलखात वर्षातले बरेच महिने जमीन बर्फाखाली असते. तिथे चाकाची गाडी चालत नाही. म्हणून बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकाची गाडी, म्हणजे स्लेज, ती ओढायला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री घडवली. हलके वजन घेऊन, थोडे खाऊन, कडाक्याच्या थंडीत दिवसभर लांबचा पल्ला गाठणे हे त्यांचे काम. अलास्कन मॅलाम्यूट हा त्याहून मोठा व ताकदवान भाऊबंद, जड ओझे ओढणारा. पांढराशुभ्र सामोयेड हाही त्याच कुळातला. आपल्याकडे बैलाला जे स्थान, तेच त्या मुलखात या कुत्र्यांना.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कुत्री अमेरिकेच्या अलास्का प्रांतात गेली आणि १९२५ साली जगभर गाजली. अलास्कात नोम नावाचे एक लहान गाव आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत तिथे घटसर्पाची साथ सुरू झाली. लेकरे दगावू लागली. औषध संपलेले, समुद्र गोठल्यामुळे बोट बंद, आणि सर्वांत जवळचे रेल्वेचे ठिकाण सुमारे १०८५ किलोमीटर दूर. शेवटी स्लेजगाडीने औषध न्यायचे ठरले. २७ जानेवारीच्या रात्री पहिली गाडी निघाली. वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी टप्प्याटप्प्याने, शून्याखाली चाळीस अंश आणि त्याहूनही खालच्या थंडीत, साडेपाच दिवसांत ते औषध पोचवले. २ फेब्रुवारीच्या पहाटे शेवटची गाडी नोम गावात शिरली. तिच्या पुढच्या कुत्र्याचे नाव होते बाल्टो. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र टोगो नावाच्या बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने काढला. फुटणाऱ्या समुद्री बर्फावरून त्याने आपली गाडी पार नेली.

आमच्या नातवाला ही गोष्ट फार आवडली. पण पुढची गोष्ट सांगताना आम्हालाच जड गेले.

मिरवणूक संपल्यावर

बाल्टोचा मोठा गौरव झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बागेत त्याचा पुतळा उभा राहिला. काही काळ त्याला गावोगाव मिरवले. मग लोकांची नवलाई ओसरली. तो आणि त्याचे सोबती विकले गेले आणि लॉस एंजेलिस शहरातल्या एका तमाशेवजा संग्रहालयात येऊन पडले. चार पैसे टाकून बघायची वस्तू, एवढीच त्यांची किंमत उरली. खाण्यापिण्याची आबाळ, जागा कोंदट. पुतळा बागेत उभा आणि खरा कुत्रा साखळीला.

क्लीव्हलंड शहरातल्या एका व्यापाऱ्याने १९२७ साली त्यांची ही दशा पाहिली. त्याने आपल्या गावात हाक दिली. शाळकरी मुलांनी, कामगारांनी आपल्या खिशातले नाणे-नाणे जमा केले आणि सुमारे दहा दिवसांत दोन हजार डॉलर उभे राहिले. १९ मार्च १९२७ रोजी बाल्टो आणि त्याचे सहा सोबती क्लीव्हलंडला आले. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १९३३ सालापर्यंत बाल्टो सुखाने जगला.

ही तारीख वाचून आमचे वाचक थबकतील. आम्हीही थबकलो. त्याच १९ मार्चला महाडची परिषद सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, तिथे आपल्या माणसांना मज्जाव होता. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पण पाणी अडवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसले, त्यांच्या दारात बांधलेल्या जनावराचे भांडे कोरडे राहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

पडद्यावरचा कुत्रा घरात

बाल्टोच्या नशिबी जे आले, ते आजही या जातीच्या नशिबी येते. इंग्रजीत 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाची एक मालिका २०११ ते २०१९ या काळात चालली. तीत लांडग्यासारखी मोठी जनावरे होती. ती पाहून इंग्लंड-अमेरिकेत अनेकांनी हस्की पिल्ले आणली. पिल्लू वाढले, घरभर केस पडू लागले, अंगणात खड्डे होऊ लागले, तशी ती कुत्री निराधार प्राण्यांच्या आश्रयघरांत येऊन पडू लागली. शेवटी २०१७ साली त्या मालिकेतले प्रमुख नट पीटर डिंकलेज यांनाच लोकांना आवाहन करावे लागले की बाबांनो, केवळ दिसायला तशी म्हणून ही कुत्री विकत घेऊ नका.

आपल्या देशातही हे नवे नाही. २००३ च्या सुमारास हच या टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत एक चपट्या नाकाचा लहानगा पग कुत्रा एका मुलाच्या मागे मागे धावायचा. ती जाहिरात घरोघरी पोचली आणि पग पाळण्याची लाट आली. त्या चपट्या नाकामुळे त्याला श्वास घ्यायला त्रास होतो, उन्हाळ्यात तर फारच, हे पिल्लू घरी आल्यावर लोकांना कळले. जाहिरात काही सेकंदांची असते, कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो. हिशेब चुकतो तो इथे.

शरीराची ठेवण आणि आपली हवा

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि वर लांब, राठ केस. या दुहेरी घोंगडीच्या जोरावर तो बर्फात शेपटीने नाक झाकून निवांत झोपतो. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि अंग थंड होते. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या तळव्याला येतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी मुख्य साधन एकच, ते म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. हवाच अंगाहून गरम झाली तर धापा टाकूनही फारसे साधत नाही. कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की जिवाला धोका. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. म्हणजे इथली सावलीतली हवासुद्धा त्याला भट्टीसारखीच.

यावर कोणी म्हणेल, मग केस भादरून टाकू. तसे करू नये. तीच घोंगडी उन्हाची धगही थोडी अडवते आणि कातडी भाजण्यापासून वाचवते. भादरलेले केस पुष्कळदा पहिल्यासारखे परत येत नाहीत. रोज फणीने विंचरून आतली सुटी लोकर काढणे, एवढाच त्यावर इलाज. वर्षातून दोनदा ही लोकर भसाभस गळते. त्या दिवसांत ओसरी झाडून झाडून घरची बाई थकून जाते. हे काम कोण करणार, हेही पिल्लू आणायच्या आधी पुरुषमंडळींनी ठरवावे.

शहरात ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र चोवीस तास चालते, ते कसेबसे निभावतात. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही. यंत्र घेतले तरी त्याचे बिल भरणे मजुरी-नोकरीवरच्या घराला झेपणारे नाही. एका कुत्र्यासाठी यंत्र लावावे आणि त्याच घरात लेकराच्या शिकवणीची फी थकावी, असे होता कामा नये.

ओढणे हा त्याचा स्वभाव

उन्हाचे एकवेळ जमले असे धरून चालू. तरी स्वभाव उरतोच. शेकडो वर्षे ज्याला पुढे ओढायला शिकवले, त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला की तो पुढे ओढणारच. त्याचे ते खोडसाळपण नव्हे. नांगराच्या बैलाने नांगर ओढला म्हणून त्याला कोणी मारते काय? हस्कीला रोज भरपूर धावणे लागते. ते मिळाले नाही की तो जमीन उकरतो, कुंपणाखालून बोगदा काढतो, पाच फुटांची भिंत सहज ओलांडतो आणि एकदा सुटला की हाक ऐकत नाही. धावण्यापुढे त्याला धन्याची आठवण राहत नाही.

शिकारीची ओढही त्याच्या अंगात असते. लहान जनावर पळाले की तो मागे लागतो. चिचगडसारख्या गावात प्रत्येक सांदवाडीत कोंबड्या, दारात शेळ्या. शेजाऱ्याची गाभण शेळी मारली तर भरपाई द्यावी लागेल ती वेगळीच, वर्षानुवर्षांचा शेजारही तुटेल. आणि गावाच्या चहूबाजूंनी जंगल. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला, तो आपल्याच भागात. जंगलालगतच्या गावांत बिबट्या कुत्री उचलतो, हे सांगायला पुस्तक नको. रात्री सुटलेला हस्की सकाळी घरी येईलच असे नाही.

राखणीसाठी म्हणून कोणी आणणार असेल तर त्याची आणखीच निराशा होईल. हस्की फारसा भुंकत नाही, लांडग्यासारखा गळा काढून रडतो, आणि अनोळखी माणसालाही प्रेमाने चाटतो. चोर आला तर शेपटी हलवून त्याचे स्वागत करील. आपल्या दारातला साधा गावठी कुत्रा त्याहून कितीतरी चोख राखणदार.

शिकवण कशी द्यावी?

इतके सांगूनही ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आला आहे, त्यांनी खचून जाऊ नये. शिकवणीने पुष्कळ साधते. या कुत्र्यांना बर्फाच्या मुलखात कसे शिकवतात ते कळले तेव्हा आम्हाला आपल्या गोऱ्ह्यांची आठवण झाली. आपला शेतकरी नवा गोऱ्हा एकटा जुवाला लावत नाही. जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला लावतो. आधी नुसते जू, मग रिकामी गाडी, मग थोडे ओझे. स्लेजवालेही नवे पिल्लू जाणत्या कुत्र्याच्या बाजूला जुंपतात. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना लगाम नसतो, सगळे काम तोंडच्या शब्दांवर. 'जी' म्हटले की उजवीकडे, 'हॉ' म्हटले की डावीकडे, 'व्होआ' म्हटले की थांबायचे. शब्द कोणत्या भाषेतला हे कुत्र्याला कळत नाही. रोज तोच शब्द, त्याच कामासाठी, एवढे त्याला कळते. म्हणून आपल्या घरी 'ये', 'बस', 'थांब', 'सोड' हे चार मराठी शब्द पुरेत. मात्र आजी 'बस' म्हणेल, बाबा 'खाली' म्हणतील आणि पोरगा इंग्रजीत 'सिट' म्हणेल, असे झाले तर कुत्रा कोणाचेच ऐकणार नाही. घरच्या सर्वांनी आधी एक व्हावे.

शिकवण पिल्लू घरी आल्या दिवसापासून सुरू होते. तीन आठवडे ते तीन महिने या वयात पिल्लाचे मन ओल्या मातीसारखे असते. या काळात त्याला माणसे, लेकरे, सायकल, मोटारगाडीचा आवाज, शेळ्या-कोंबड्या यांची शांतपणे ओळख करून द्यावी. लस पूर्ण होईपर्यंत मात्र इतर आजारी वा बेवारशी कुत्र्यांपासून जपावे. एका वेळी पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नये. सांगितलेले केले की लगेच तोंडात चिमूटभर खाऊ आणि पाठीवर हात. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा त्याला अर्थ लागत नाही. खाऊन झाले, झोपून उठले, खेळून झाले की लगेच बाहेर एका ठरलेल्या जागी न्यावे. तिथे विधी केला की कौतुक करावे. घरात चूक झाली तर नाक घासणे, मारणे असले काही करू नये. त्याने तो फक्त लपून घाण करायला शिकतो.

मारण्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. हाक मारून जवळ बोलावले आणि मग पळून गेल्याबद्दल मारले, तर कुत्रा शिकतो ते इतकेच की हाक आली की जवळ जायचे नाही. हस्कीच्या बाबतीत तर ही चूक कायमची नडते. आणि ज्या घरात कुत्र्यावर काठी उठते, त्या घरची लेकरे काठी उचलायलाच शिकतात. मुक्या जिवाला न मारता आपले म्हणणे पटवता येते, हे लेकराने आपल्या डोळ्यांनी पाहिले, तर तो धडा शाळेच्या पुस्तकात नसलेला.

ओढण्याच्या स्वभावाला वाट करून द्यावी. गळपट्ट्याने नव्हे, छातीवरून जाणाऱ्या रुंद पट्ट्याने त्याला फिरवावे. दोरी ताणली की आपण जागीच उभे राहावे आणि सैल झाली की चालू लागावे. दहा दिवस तुमचे चालणे कमी आणि उभे राहणे जास्त होईल, पण त्याला उमजेल. पूर्ण वाढ झाल्यावर, म्हणजे साधारण दीड वर्षानंतर, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे छातीच्या पट्ट्याला हलके ओझे बांधून ओढायला द्यावे. उन्हाळ्यात ओढणे व पळवणे पूर्ण बंद. स्लेजवाले लोकदेखील हवा थंड असेल तेव्हाच कुत्री पळवतात.

उन्हाळ्यातली काळजी

उन्हाळ्यात फिरवणे सूर्य उगवायच्या आधी. डांबरी रस्त्यावर नेण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्याला लावावी. पाच-सात सेकंद धरवत नसेल तर त्याचे पंजे तिथे भाजतील. दुपारी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, मातीच्या सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर ठेवावे. पत्र्याच्या खोलीत वा उभ्या मोटारीत कधीही कोंडू नये. मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरून ठेवावे आणि दिवसातून तीन-चारदा बदलावे.

धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, झोकांड्या जातात, उलटी होते, अशी चिन्हे दिसली तर ऊन लागले असे समजावे. लगेच सावलीत आणून सर्वांगावर साधे गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओले पोते अंगावर झाकून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवावे, तोंडात ओतू नये. आधी अंग थंड करावे आणि त्याच घाईने डॉक्टरकडे न्यावे. ही माहिती हस्कीपुरती नाही, दारातल्या कोणत्याही कुत्र्यासाठी तितकीच उपयोगी आहे.

खाण्यात भात, अंडी, शिजवलेले मांस चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषासमान. शिजवलेली हाडे फुटून घशात वा पोटात रुततात, तीही देऊ नयेत.

कायदा आणि लस

कुत्र्यांची पैदास व विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद मागा, पिल्लाची आई दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथून परत फिरा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला सतत साखळीला डांबून ठेवणे आणि पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले मरेल असे सोडून देणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक इतका तुटपुंजा असताना राखण करावी लागते ती आपल्याच मनाने.

कुत्रा कोणत्याही जातीचा असो, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी. तो चावला वा ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची भरू नये, झाडफूक करू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर हा मृत्यू टळतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी चावा घेतलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. त्यानंतर इतक्या वर्षांनीही आपल्या खेड्यांत कोणी मांत्रिकाकडे धाव घेत असेल, तर तो दोष आपल्या अज्ञानाचा आहे.

आमच्या घरी काय ठरले?

एवढे सगळे जमा झाल्यावर आम्ही नातवाला जवळ बसवले आणि वहीवर दोन रकाने पाडले. डावीकडे, हस्कीला काय लागते. उजवीकडे, आपण काय देऊ शकतो. डावीकडे त्यानेच लिहिले: थंडी, रोज लांब धावणे, उंच कुंपण, दिवसभर सोबत, दरवर्षी लस, बारा-पंधरा वर्षे. उजवीकडे लिहिताना त्याचे पेन्सिल 'थंडी'पाशीच अडले. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "आजोबा, त्याले इथं आणलं तर तो आपल्यासाठी येईल, त्याच्यासाठी नाही."

मोठ्या माणसालाही लवकर न सुचणारी ही गोष्ट लेकराने ओळखली. त्या रात्री मुलाला फोन केला. तो क्षणभर हिरमुसला, मग म्हणाला, "बरं बाबा. मग वाढदिवसाला काय आणू?"

उत्तर आमच्या दारातच होते. धानाच्या पेंढ्यांच्या ढिगाआड एका गावठी कुत्रीने पिल्ले घातली होती. त्यातले एक तांबूस पिल्लू नातवाच्या मागे मागे ओसरीपर्यंत यायचे, आणि आम्ही सगळे त्याला हाड्‌ हाड्‌ करायचो. मुलगा वाढदिवसाला आला तो छातीचा एक पट्टा आणि पसरट मातीचे भांडे घेऊन. पिल्लाला लस टोचून आणली. वय झाल्यावर नसबंदीही केली. 'ये', 'बस', 'थांब', 'सोड' हे चार शब्द नातवाने त्याला महिनाभरात शिकवले. रात्री बिबट्याच्या भीतीने त्याला आत घेतो. त्याला ना कूलर लागतो ना खास खाणे. हे ऊन त्याच्या कुळाने हजारो वर्षे सोसले आहे.

ज्यांच्या घरी हस्की आला आहे, त्यांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळावे. नच जमले तर रस्त्यावर वा जंगलकाठी न सोडता, थंड हवेच्या ठिकाणचे, जाणते घर शोधून द्यावे. आणि जे आणायच्या विचारात आहेत, त्यांनी आधी लेकरांना जवळ घेऊन वहीवर ते दोन रकाने पाडावेत. आमच्या ओसरीतले पाण्याचे भांडे भरण्याचे काम आता नातवाकडे आहे. शाळेत जाण्यापूर्वी तो ते न विसरता भरतो, आणि उरलेले पाणी बाहेरच्या बेवारशी कुत्र्यांसाठी दुसऱ्या भांड्यात ओततो.